बोलकी माणसं पाहिजेत

३ मार्च

आज सकाळी बायकोने वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून माझ्या बशीशेजारी ठेवली. बोलली काही नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त धास्ती वाटते. जाहिरात अशी : 'बोलकी, हसतमुख माणसं पाहिजेत. घरोघरी जाऊन ग्राहक मिळवण्याचं काम. वयाची अट नाही.' यातलं वयाचं तेवढं मला लागू पडतं.

मी विचारलं, हे कोणासाठी कापलंयस? ती म्हणाली, घरात दुसरं कोण आहे? ते खरंच आहे. लेक परगावी नोकरीला, आणि बायको सकाळ-संध्याकाळ दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला. दिवसभर घरात असणारा असा मी एकटाच. पासपोर्ट फोटोंचं दुकान बंद करून वर्ष होत आलं. या वर्षात मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, मिक्सर उघडून दुरुस्त केला (त्यानंतर तो चाललेला नाही) आणि समोरच्या इमारतीतलं कोण किती वाजता बाहेर पडतं ते पाठ केलं. समोरची बाई हल्ली बाल्कनीचा पडदा ओढून घेते.

दुपारी बायको नेहमीप्रमाणे तिच्या जुन्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मी पाणी प्यायला गेलो की तिचा आवाज आपोआप बारीक होतो. त्या मैत्रिणीच्या नवऱ्याची तब्येत ठीक नसते म्हणे. रोज व्यायाम करून घ्यावा लागतो, मग तो चिडतो, हातातलं फेकून देतो. मी आपलं मत दिलं, की असली माणसं मुळातच तापट असतात, आजार हे निमित्त. बायकोने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुन्हा फोनला कान लावला.

संध्याकाळपर्यंत विचार करून मी ठरवलं आहे, की मुलाखतीला जायचं. नोकरी मिळण्याचा प्रश्नच येत नाही. जायचं, रीतसर नापास व्हायचं आणि परत यायचं. म्हणजे मी प्रयत्न केला असं होईल आणि पुन्हा वर्षभर कोणी माझ्या बशीशेजारी काही ठेवणार नाही.

५ मार्च

मुलाखत झाली. पार फसली. म्हणजे मी नापास झालो नाही.

फरशीच्या दुकानावर वरच्या मजल्यावर कचेरी आहे. ही मंडळी खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवून देतात. आपण दारोदार जायचं आणि 'आमचा माणूस येऊन तुमच्या खिडक्या फुकट मोजून जाईल' एवढ्याला हो म्हणवून घ्यायचं. बाकावर बसलेल्या उमेदवारांत सगळ्यात म्हातारा मी. माझ्या शेजारच्या पोराने मला विचारलं, काका, तुम्ही मुलाला घेऊन आलात का?

मुलाखत घेणाऱ्या मॅडम माझ्या लेकीएवढ्या असतील. त्यांना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ओके ना?' म्हणायची सवय आहे, आणि आपण 'ओके' म्हणेपर्यंत त्या पुढे सरकत नाहीत. मी तो शब्द गेल्या वीस वर्षांत मिळून उच्चारला नसेल तेवढा आज एका सकाळी उच्चारला.

परीक्षा साधी होती. ओके-ना मॅडम आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायच्या. त्या घरमालकीण. आपण बेल वाजवायची आणि बोलायला सुरुवात करायची. ती पोरं एकामागून एक गेली. दार किलकिलं झालं की त्यात पाऊल घालून अशी बोलत सुटायची, की मला बाकावर बसल्या बसल्या दम लागला. मग माझी पाळी आली. मी दारासमोर उभा राहिलो. बेल वाजवली, पण इतक्या हळू की ती वाजली की नाही हे मलाही कळलं नाही. पुन्हा वाजवावी तर आधीची वाजली असली तर उगाच आगाऊपणा दिसेल. म्हणून उभाच राहिलो. बऱ्याच वेळाने मॅडमनीच दार उघडलं.

"काका, बेल वाजवायची असते, ओके ना?"

मी एकदम दोन पावलं मागे गेलो आणि म्हणालो, "आपण झोपला असाल तर मी नंतर येतो."

आणि खरंच जिन्याकडे निघालो. मागे बाकावर जो हशा पिकला, तो खाली फरशीच्या दुकानात ऐकू गेला असेल.

मी सुटलो म्हणून खूश होतो. खाली पोचायच्या आत त्या पोराने हाक मारून वर बोलावलं. मॅडम म्हणाल्या, दार उघडल्यावर मागे सरकणारे तुम्ही एकटेच. घरात एकट्या असलेल्या बाईला दारात पाऊल घालणारा माणूस नको असतो, मागे सरकणारा चालतो. आठ तारखेला माझ्याबरोबर फिरून बघू.

मी त्यांना सांगणार होतो, की मी सभ्यपणाने मागे सरकलो नव्हतो, घाबरून सरकलो होतो. पण त्यांनी 'ओके ना?' विचारलं आणि मी 'ओके' म्हणून बसलो. आयुष्यभर ज्या भित्रेपणाने माझं नुकसान केलं, त्याला आज चांगलं काम मिळायची वेळ आली.

६ मार्च

दारात म्हणायची चार वाक्यं पाठ करायला दिली आहेत. 'नमस्कार. दोन मिनिटं आहेत का? आपल्या घरात खिडक्या किती? आमचा माणूस येऊन फुकट मोजून जाईल, घ्यायलाच पाहिजे असं नाही.' चारच वाक्यं, पण मी तिसऱ्यापाशी अडकतो. लोकांच्या खिडक्या किती, हे विचारणारे आपण कोण?

बायको म्हणाली, माझ्यावर सराव करा. मी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभा राहिलो. ती आत घरमालकीण झाली. काय झाली म्हणून सांगू. आधी तिने दारच उघडलं नाही. मग उघडलं आणि म्हणाली, आमच्याकडे डास नाहीत. मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, लगेच बरं म्हणून चालतं का? मग ती बहिरी म्हातारी झाली, मग घाईत असलेली नोकरदार बाई, मग फोनवर बोलता बोलता मला हातानेच हाकलणारी. इतक्या वर्षांच्या संसारात हिच्या अंगात एवढ्या बायका आहेत हे मला माहीत नव्हतं. मजाही येत होती.

मग तिने दार उघडलं, कमरेवर हात ठेवले आणि पुरुषी आवाज काढून म्हणाली, "काय रे, कशाला आलास?"

मी कागद ओट्यावर टाकला आणि बाहेर येऊन बसलो. तिने हुबेहूब दादाचा आवाज काढला होता. बायको आतून म्हणाली, मी तर सहज एक माणूस काढला. मी म्हटलं, विषय नको.

त्याचा विषय कोणी काढला की मी हेच म्हणतो. त्यामुळे आता कोणी काढत नाही. नातेवाईक माझ्यासमोर त्याचं नाव आलं की खोकतात.

आता वही उघडलीच आहे तर लिहून टाकतो. दादा माझा मोठा भाऊ. आमचा दोघांचा फोटो स्टुडिओ होता. तो पुढे, मी मागे डार्करूममध्ये. तो बोलायचा आणि मी फोटो धुवायचो. रडणारं मूल, रुसलेली नवरी, दाढदुखीने हैराण झालेला माणूस, दादा कोणालाही बोलण्यात गुंतवून हसवायचा आणि तेवढ्यात बटण दाबायचा. मला माणसं भेटायची ती निगेटिव्हमध्ये, आणि तशी मला सोयीची वाटायची. पुढे फिल्मचे दिवस संपले. दादा म्हणाला, डार्करूम मोडून तिथे कॉम्प्युटर ठेवू, तू बाहेर काउंटरला बस. मी नको म्हणालो. तो कामाला असलेल्या दोघांसमोर म्हणाला, "तुला चार माणसांत तोंड उघडता येत नाही, म्हणून तुला अंधार लागतो."

खोटं असतं तर मी विसरलो असतो.

मी माझा कॅमेरा उचलून बाहेर पडलो आणि हट्टाने स्वतःचं पासपोर्ट फोटोंचं दुकान काढलं. काउंटरला मीच. गिऱ्हाईक आलं की मी गप्प, मी गप्प म्हणून ते गप्प, आणि त्या शांततेत मी फोटो काढायचो. माझ्या दुकानातले फोटो पासपोर्टपेक्षा पोलीस ठाण्याच्या भिंतीवर जास्त शोभले असते. तरी बरीच वर्षं चाललं. मग लोक फोनवरच फोटो काढू लागले.

दादाने पाण्याच्या टाकीमागे घर बांधलं, तेव्हा बोलावणं आलं होतं. मी गेलो नाही. टाकीवरून जाणारा रस्ता जवळचा आहे, पण मी बाजारात लांबच्या रस्त्यानेच जातो. स्टुडिओच्या गल्लीतही पाऊल टाकत नाही. पायांना व्यायाम होतो, एवढाच या भांडणाचा फायदा.

८ मार्च

मॅडमबरोबर फिरलो. पाय दुखताहेत, पण आधी हे लिहितो.

पहिल्या दारात मी पायपुसण्याकडे बघत चारही वाक्यं एका श्वासात म्हटली. मान वर केली तर समोर एक लहान मूल. त्याने आत जाऊन सांगितलं, एक आजोबा खिडक्या मोजताहेत. दुसऱ्या दारात एका बाईने काही न ऐकता तिचं तान्हं बाळ माझ्या हातात दिलं आणि 'धरा जरा, दूध उतू जातंय' म्हणून पळाली. बाळ माझ्या शर्टावर निवांत लाळ गाळत राहिलं. बाई परत आली आणि बाळ शांत बघून म्हणाली, पाठवा तुमचा माणूस. ही माझी पहिली कमाई. मी तोंडातून शब्दही काढला नव्हता.

एक वयस्क बाई दारात आल्या आणि मी त्यांना ओळखलं. त्यांच्या फोटोतला गालावरचा तीळ मी ब्रशने घालवला होता. प्रत्यक्षात तो अजून जागेवर आहे. त्यांनीच मला निरखून पाहिलं आणि विचारलं, तुम्ही स्टुडिओवाल्यांचे धाकटे का हो? कसे आहेत आता ते? मी म्हटलं, मजेत. त्या जराशा चमकल्या, मग म्हणाल्या, हो, देव करो. लोकांना उगाच नको तिथे देव आणायची सवय असते.

दिवसभरात मॅडम फार बोलल्या नाहीत. परतताना म्हणाल्या, तुम्ही पायपुसण्याशी बोलता, माणसाशी बोला. आणि गल्लीतलं एकही दार सोडायचं नाही, ओके ना? एक सोडलं की दुसरं सोडावंसं वाटतं. शेवटची परीक्षा परवा, एकट्याने. कुठली गल्ली ते कळवते.

९ मार्च

मॅडमचा फोन आला तेव्हा मी अंघोळीला होतो. बायकोने घेतला. बराच वेळ बोलत होत्या दोघी, नळ बंद केल्यावर हसणं ऐकू आलं. बाहेर आल्यावर बायकोने सांगितलं, उद्याची गल्ली ठरली. पाण्याच्या टाकीमागची.

सगळ्या शहरात यांना हीच गल्ली मिळावी? नशीब माझ्यावर नेहमी असंच नेम धरून बसलेलं असतं. मी बायकोला म्हटलं, मी जात नाही. वाटलं, आता वाद घालेल. ती म्हणाली, "नका जाऊ. शर्ट इस्त्री केलाय, तो कपाटात ठेवते."

आणि खरंच कपाटात ठेवला. हे मला जास्त लागलं. माणसाने निदान एकदा तरी आग्रह करावा.

गेलो नाही तर दादाच्या दारात जायला घाबरलो असं होईल. गेलो तर दादाच्या दारात उभं राहून डासांची जाळी विकावी लागेल आणि तो हसेल. म्हणेल, आला शेवटी लोकांत. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्ही बाजूंना मीच मूर्ख दिसलो. शर्ट कपाटातून काढून खुर्चीवर टांगला आहे. फक्त टांगला आहे.

१० मार्च

गेलो.

गल्लीच्या एका टोकापासून सुरुवात केली. एका बाजूची घरं संपवली, मग दुसऱ्या बाजूची. मधलं निळ्या फाटकाचं घर सोडून पुढे गेलो. फाटकावर आमचंच आडनाव. मला वाटलं होतं त्यापेक्षा घर लहान आहे.

बाकी दिवस बरा गेला होता, हे सांगायला हवं. दोन ठिकाणी हो मिळालं, बऱ्याच ठिकाणी 'नंतर या' मिळालं, एका गृहस्थांनी त्यांच्या मुलाच्या नोकरीची सगळी कर्मकहाणी उभ्याने सांगितली. मी पायपुसण्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत ऐकली. गल्लीच्या तोंडाशी मॅडम स्कूटरवर थांबल्या होत्या. त्यांनी लगेच विचारलं, निळं फाटक राहिलं का? मी म्हटलं, बंद होतं. त्या म्हणाल्या, आता उघडं आहे, बघा. उघडं होतं. मघाशीही उघडंच होतं.

मी परत गेलो. बेल वाजवली. या खेपेला ती नीट वाजली. आतून कोणीतरी यायला फार वेळ लावला. दार उघडल्याबरोबर मी खाली पायपुसण्याकडे बघत सुरुवात केली, कारण वर बघण्याचं धाडस नव्हतं. "नमस्कार. दोन मिनिटं आहेत का? आपल्या घरात खिडक्या किती? आमचा माणूस येऊन फुकट मोजून जाईल, घ्यायलाच पाहिजे असं नाही."

समोरून काहीच आलं नाही. मला दादाचे पाय दिसत होते. वाटलं, हा मुद्दाम गप्प उभा आहे. मला पूर्ण बोलू देऊन मग हसणार आहे. इतक्या वर्षांचं सगळं माझ्या डोक्यात चढलं आणि मी म्हणालो, "आता बोल की. एरवी तर थांबत नाहीस."

मग माझं लक्ष गेलं, की एका पायातली चप्पल सरळ आहे आणि दुसऱ्या पायातली वाकडी. मी मान वर केली. दादाच्या डाव्या हातात काठी होती. उजवा हात पोटाशी नुसता धरल्यासारखा होता. चेहऱ्याची एक बाजू माझा दादा होती आणि दुसरी बाजू कोणीतरी ओढून खाली आणली होती. त्याने तोंड उघडलं, त्यातून एक आवाज आला. शब्द नव्हता तो. तो ज्या जोराने आला, त्यावरून कळलं की आत वाक्य पूर्ण तयार आहे.

मी तिथून पळून जाईन असं मला वाटलं होतं. मला मी माहीत आहे. पण पाय हललेच नाहीत, आणि काय बोलावं ते सुचेना, म्हणून मला जे एकच पाठ होतं ते मी पुन्हा म्हटलं.

"आपल्या घरात खिडक्या किती?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग काठी टेकत वळला आणि आत चालू लागला. मी मागून गेलो. त्याने बैठकीतल्या खिडकीला काठी लावली. मग पलीकडच्या खोलीतल्या. मग जिन्याखालच्या एका छोट्या झरोक्याला लावून माझ्याकडे बघितलं, हीसुद्धा धरायची का म्हणून. मी म्हटलं, धरू या. असे आम्ही दोघं घरभर फिरलो. तो थांबला की मी थांबत होतो.

वहिनी स्वयंपाकघरातून आली. मला बघून ना दचकली, ना रडली. "या भाऊजी, चहा टाकलाय," एवढंच म्हणाली. ट्रेमध्ये तीन कप आधीच मांडलेले होते. वहिनीचं पूर्वीपासून असं, हात सढळ.

दादा खुर्चीत बसेपर्यंत तिने मला हलक्या आवाजात सांगितलं. दिवाणखान्यात गिऱ्हाइकाशी फोनवर बोलता बोलताच झटका आला. वाचा गेली. समजतं सगळं, शब्द येत नाहीत. भेटायला कोणी येणार असं कळलं की खोलीचं दार लावून घेतात. जुनी जुनी माणसं परत गेली. फक्त दारावर विकायला कोणी आलं तर स्वतः उठून जातात, मला जाऊ देत नाहीत. विकणाऱ्याला परत पाठवण्याचं तेवढं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलंय.

मी बसलो. दादा माझ्याकडे बघत होता. आमच्या दोघांत बोलायचं काम नेहमी त्याचं होतं. तो बोलत नाही म्हटल्यावर आता ते कोणी करायचं? मी चहाचा घोट घेतला आणि मिक्सरपासून सुरुवात केली. मग डब्यांच्या चिठ्ठ्या. मग बेल न वाजवता उभं राहिल्याचं. बाळाचं सांगितलं, शर्टावर लाळ कुठे गळली ते दाखवलं. पासपोर्ट फोटोंचं सांगितलं, की माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस गुन्हेगार दिसायचा. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. दादा हसला. अर्ध्या चेहऱ्याने हसला आणि पूर्ण अंगाने हलला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचं असावं. मी तसंच समजून बोलत राहिलो. माझ्या तोंडाला कोरड पडली तेव्हा लक्षात आलं, की मॅडम बाहेर स्कूटरवर थांबल्या आहेत. बाहेर गेलो तर त्या गेलेल्या होत्या.

११ मार्च

काल घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती 'अगं बाई' म्हणाली, पण जरा उशिरा म्हणाली. धक्का बसला असणार. मग विचारलं, उजवा हात अजिबातच उचलत नाहीत का, की थोडा उचलतात? मी कुठला हात ते सांगितलंच नव्हतं बहुतेक. बायकांना अंदाज बरोबर येतो.

रात्री जेवताना मी तिला म्हटलं, आपल्याला कोणी कळवलं कसं नाही? ती ताटातून वर न बघता म्हणाली, तुम्ही विषय काढू देता का?

खरं आहे. 'बोल की' असं मी त्याला म्हणालो. ते दिवसभर डोक्यातून जात नाही.

१३ मार्च

निकाल. मला ठेवलं आहे.

मॅडमनी स्पष्ट सांगितलं, की हो म्हणवून घेण्यात मी शेवटून पहिला आहे. परंतु 'नंतर या' असं मला सगळ्यात जास्त लोकांनी सांगितलं. मी म्हटलं, ते तर टाळण्यासाठी म्हणतात. त्या म्हणाल्या, हो, आणि आमची पोरं ते ऐकून जातात ती कायमची जातात. नंतर या म्हटल्यावर खरंच नंतर जाणारा माणूस आम्हाला मिळत नाही. तुम्ही तेवढंच करायचं. नंतर जायचं. ओके ना?

ओके म्हटलं. मला वाटतं हे काम माझ्यासाठीच काढलेलं आहे. उशिरा पोचणं हे मला जन्मापासून जमतं.

मी विचारलं, परीक्षेला तीच गल्ली कशी काय निघाली? त्या म्हणाल्या, योगायोग. आणि उगाचच टेबलावरचे कागद सारखे करत बसल्या. चांगली मुलगी आहे, पण कामाचा ताण फार घेते.

२२ मार्च

मध्ये बरेच दिवस वही उघडली नाही. काम सुरू झालं. दुपारी काम संपलं की दादाकडे जातो. लांबच्या रस्त्याने जायची गरज राहिली नाही.

त्याच्याकडे बोलणं शिकवणाऱ्या बाई येतात. त्या म्हणाल्या, रोज तेच ते सोपे शब्द कानावर पडू देत, मग म्हणवून घ्या. तेच ते शब्द माझ्याकडे आहेतच. रोज मी दारात उभा राहून बेल वाजवतो, तो उठून येऊन दार उघडतो आणि मी चार वाक्यं म्हणतो. मग ती त्याने माझ्यामागून म्हणायची. पहिल्या दिवशी त्याने नुसतं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी 'नमस्कार'मधला न सापडला. तिसऱ्या दिवशी तोही हरवला, तेव्हा त्याने काठी फेकली, ती माझ्या नडगीवर बसली. मी लंगडत काठी आणून दिली. वहिनी म्हणाली, राग मानू नका भाऊजी. मला राग नव्हता आला. त्याने माझ्या अंगावर काही फेकावं इतका मी घरचा झालो होतो.

बायकोची ती मैत्रीण हल्ली दुपारी फोन करत नाही. मी विचारलं, भांडण झालं का? ती म्हणाली, नाही, तिच्या घरी आता दुपारी कोणीतरी येऊन बसतं, तिला वेळ मिळत नाही. तिचा नवराही आता बरा आहे म्हणे. मी म्हटलं, बघ, मी सांगितलं नव्हतं, माणूस मनाने घेतलं की सुधारतो. बायको मान डोलावून कपडे घडी करायला वळली. पाठमोरी होऊन बराच वेळ हसत होती. तिला काय आठवलं होतं कोण जाणे.

आज दुपारी नेहमीप्रमाणे बेल वाजवली. दादाने दार उघडलं. मी म्हटलं, नमस्कार, दोन मिनिटं आहेत का. तो थांबला. मी खिडक्यांचं म्हटलं, माणूस येऊन मोजून जाईल म्हटलं. घ्यायलाच पाहिजे असं नाही, असंही म्हटलं. त्याचे ओठ हलू लागले. गळ्यापाशी शीर फुगली. मला वाटलं पुन्हा काठी येणार, म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो.

"नको," दादा म्हणाला.

स्वच्छ. पहिल्यासारखा. मागे वहिनीच्या हातून काहीतरी खाली पडलं.

मला तिथे बसून रडता आलं असतं. पण तो दारात ताठ उभा होता आणि माझ्या उत्तराची वाट बघत होता. तोंडावर तो जुना आव, की बघू तुला काय येतं. म्हणून मी घसा साफ केला आणि विचारलं, "का नको?"

त्याने फार वेळ घेतला. घाम आला त्याला. वहिनी पुढे येत होती, तिला त्याने हातानेच थांबवलं.

"वा... रा," तो म्हणाला. "अड... तो."

"वारा अडत नाही," मी म्हटलं. "बारीक जाळी आहे. तुला काही माहीत नसताना बोलतोस."

"अ... ड... तो," दादा म्हणाला आणि काठी जमिनीवर आपटली.

मी म्हटलं, नाही अडत. तो म्हणाला, अडतो. माझा आवाज चढला, त्याचाही चढला. शेजारची बाई फाटकाशी येऊन उभी राहिली. वहिनी मध्ये पडली नाही. ती दाराला टेकून पदराने डोळे पुसत हसत होती, आणि आम्ही दोघं भाऊ कित्येक वर्षांनी भर दुपारी उंबऱ्यात उभे राहून मनसोक्त भांडत होतो.